नऊ मीटरवर

त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत तीन गिऱ्हाइकांनी डॉक्टरला जीवे मारायची धमकी दिली होती. एकाने पत्ता मागितला होता. "घरी येऊन तंगडी मोडतो," म्हणाला. डॉक्टरने त्याला शांतपणे सांगितलं की एक तंगडी आधीच मोडलेली आहे, दुसरीसाठी रांगेत उभं राहावं लागेल.

डॉक्टर म्हणजे खरा डॉक्टर नव्हे. इंटरनेट कंपनीच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून बसणारा पन्नाशीचा माणूस. सोळा वर्षं खांबांवर चढून केबल ओढली. मग एका ओल्या खांबावरून खाली आला तो सरळ दगडी कुंपणावर. खुब्यात सळई बसली, हातात काठी आली, आणि कंपनीने त्याला खुर्चीत बसवला. खुर्चीत बसूनही त्याने लाइनमनचं डोकं सोडलं नाही. प्रत्येक घरातला मोडेम थोड्या थोड्या वेळाने कचेरीला आपली हालहवाल कळवत असतो. सिग्नल किती जोरात पोचतो, उलट उत्तर देताना त्याला किती ओरडावं लागतं, किती निरोप वाटेत खराब झाले. बाकीच्या पोरांना ते नुसते आकडे दिसत. डॉक्टरला त्यात केबल दिसे. "हा जोड ढिला आहे." "इथे पाणी शिरलंय." "ही खार आहे, केबल कुरतडतेय, बघा कसा सिग्नल जातोय, येतोय, जातोय." लाइनमन जाऊन बघे तर खरंच खार. म्हणून तो डॉक्टर.

कौतुकाने माणूस बिघडतो, आणि डॉक्टर चांगलाच बिघडलेला होता. गिऱ्हाइकाने काही सांगायच्या आत त्यालाच त्याच्या घरातलं काहीतरी सांगून चकित करायचं, ही त्याची खोड. "ताई, तुमचा टीव्ही स्वयंपाकघराला लागून आहे ना?" मग पलीकडून "अय्या, तुम्हाला कसं कळलं?" आलं की त्याचा दिवस गोड.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पुरुषाचा आवाज, मऊ, नम्र. सकाळपासून शिव्या खाल्लेल्या कानांना तो आवाज फार बरा वाटला.

"साहेब, आमचं नेट दुपारचं संथ चालतं हो. मी एरवी कामावर असतो, आज मुद्दाम घरी थांबलोय. स्पीकरवर टाकतो हं तुम्हाला, हात मोकळे राहतील."

डॉक्टरने पडद्यावर त्याचा मोडेम उघडला. सगळं ठणठणीत. सिग्नल छान, एकही निरोप खराब नाही.

"लाइनीत काही दोष नाही साहेब. तुमच्या घरात वापरच जास्त आहे. सहा उपकरणं जोडलेली आहेत."

"पाच," मऊ आवाज म्हणाला. "दोन फोन, टीव्ही, लॅपटॉप, दारावरचा कॅमेरा."

"सहावा जुना फोन आहे. रोज दुपारी एक ते तीन चालतो. व्हिडिओवर बोलणं चालतं त्याच्यावर, म्हणून नेट खातो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इथे कोणी शहाणा थांबला असता. डॉक्टर रंगात आला होता.

"आत्ताही चालू आहे बघा! मोडेमपासून दोन भिंती सोडून असेल. सिग्नल थोडा फिका येतोय ना, पाण्याची टाकी किंवा फ्रिज मध्ये आला की असा येतो. म्हणजे स्वयंपाकघर. मी इथे बसून सांगतो साहेब, घरात कोण कुठे आहे ते. भिंती असल्या तरी मला दिसतं."

"वा," आवाज म्हणाला. "कमाल आहे तुमची. एक मिनिट थांबा हं."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज, घाई नसलेला. दार. मग लांबून एका बाईचा आवाज, "आईशी बोलत होते हो, फक्त आईशी," आणि त्यानंतर जो आवाज आला तो डॉक्टरला लगेच कळला नाही. ओलं पोतं फरशीवर टाकल्यासारखा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी बाई ओरडली, तेव्हा कळला.

"अहो!" डॉक्टर किंचाळला. "अहो साहेब! फोनवर या! ऐकू येतंय मला!"

आजूबाजूची पोरं वळून बघू लागली. कानात भांडी पडली, काच फुटली. "मी तुला काय सांगितलं होतं?" तोच मऊ आवाज विचारत होता. एक इंचही वर चढलेला नाही. "तुझ्या आईचं तोंड बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही?" प्रत्येक प्रश्नाला एक फटका. बाई उत्तर देत होती, पण फटका उत्तरासाठी थांबत नव्हता. मग धडपड, एक दार आपटल्याचा आवाज, दुसरं दार, आणि शांतता.

पडद्यावर सहाव्या उपकरणापुढचा हिरवा ठिपका विझला. त्याने फोन फोडला होता.

खोटं कशाला सांगा, त्या क्षणी डॉक्टरच्या मनात आलं ते हे की आपण हेडफोन काढून ठेवला तर हे कधी झालंच नाही असं होईल. मग चपला परत आल्या. फोन उचलला गेला. माणसाला थोडी धाप लागली होती.

"साहेब, आहात ना? ती पळाली. मागच्या फाटकाला कुलूप आहे, म्हणजे घरातच आहे कुठेतरी." आणि मग आवाज चढवून, घरभर ऐकू जाईल असा, "सांगा बघू, आत्ता कुठल्या भिंतीमागे आहे ती?"

"दिसत नाही मला! फोन दिसत होता, माणूस नाही! हरामखोरा, हात लावलास तिला तर..."

"आत्ता तर दिसत होती तुम्हाला," तो म्हणाला, आणि फोन कापला.

डॉक्टर उभा राहिला. काठी खाली पडली. "पोलिसांना फोन लावा!" तो ओरडला. सुपरवायझर बाई आपल्या काचेच्या खोलीतून धावत आल्या. बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण नियम त्यांच्या अंगात मुरलेले. तरीही डॉक्टरचा चेहरा बघून त्यांनी आधी पोलिसांना फोन लावला, पत्ता दिला, आणि पलीकडचं ऐकून घेतलं. "गाडी पाठवतायत. वीस मिनिटं म्हणाले."

"वीस मिनिटांत तो तिचा चेंदामेंदा करेल."

"डॉक्टर, तुम्ही खाली बसा. आपण कळवलंय. पुढचं आपलं काम नाही."

तेवढ्यात पडद्यावर त्या घराचा आलेख हलला. सिग्नल पडला. आला. पुन्हा पडला, आला, आणि तिसऱ्यांदा पडला. मग थोडा वेळ सरळ रेघ. मग पुन्हा तेच. डॉक्टर पडद्याला नाक लावून बघू लागला. केबलला कोणीतरी हात घातला होता. तार दबली की सिग्नल तिथे आपटून उलटा फिरतो, आणि तो किती लांबून फिरला हे यंत्र सांगतं. मोडेमच्या नऊ मीटर अलीकडे. म्हणजे केबल रस्त्यावरून ज्या खोलीत शिरते तिथे. त्या वस्तीतल्या सगळ्या घरांत केबल जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतून शिरते. त्यानेच तर आखली होती ती लाइन, पाय धड असताना.

"ती आहे ही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "ती केबल हलवतेय. मला दिसतं हे तिने ऐकलंय ना, म्हणून हाका मारतेय मला. जिन्याखाली आहे ती."

सुपरवायझर बाई त्याच्या हाताला धरत म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही, डॉक्टर. नोकरी जाईल."

"घाला ती चुलीत," डॉक्टर म्हणाला आणि लंगडत खाली निघाला.

खाली गोदामात खार कनेक्टरची पाकिटं मोजून घेत होता. खार हा लाइनमन. शंभर किलोंचा आडदांड गडी, पण खांबावर असा सुरसुर चढायचा की पहिल्याच आठवड्यात नाव पडलं. डॉक्टर पडला त्या दिवशी त्याला पाठीवर टाकून दवाखान्यात नेणारा हाच.

"गाडी काढ," डॉक्टर म्हणाला. "एक जण बायकोला मारतोय. मी लावून दिलं."

"तू काय लावून दिलंस?"

"काढ रे गाडी!"

खारने गाडी काढली. शिडी टपावर नीट बांधलेलीही नव्हती, प्रत्येक वळणाला आदळत होती. डॉक्टरने वाटेत सगळं सांगितलं, काही न लपवता. खारने एकदाच त्याच्याकडे बघितलं. "तुझी ती जीभ," तो म्हणाला. त्याहून जास्त काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरला वाटलं.

सात मिनिटांत पोचले. पोलिसांची गाडी दिसत नव्हती. घर दोन मजली, नीटनेटकं, खिडकीत कुंड्या, दारावर कॅमेरा. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तर दिवाणखान्यात सगळं जागच्या जागी, मोडेमवर दिवे हिरवे, मधूनच एक लाल होऊन पुन्हा हिरवा होत होता. फरशीवर मात्र रक्त होतं. थेंब नव्हेत, पाय फरपटत पळाल्याचे पट्टे. आणि घराच्या आतल्या बाजूने ठाण, ठाण, ठाण असा एका लयीतला आवाज.

तो जिन्याखालच्या दारावर हातोडा घालत होता. चष्मा लावलेला, बारीक अंगाचा माणूस, इस्त्रीच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत नीट दुमडलेली. दाराची वरची फळी फुटून आत लोंबत होती. रक्त त्याच्या मनगटापर्यंत आलं होतं आणि तो मधूनमधून ते पँटीला पुसत होता, जसं कोणी तेलकट हात पुसतं.

"ए!" खार गरजला.

माणूस वळला. दोघांना बघितलं. "केबलवाले का?" त्याने विचारलं, अगदी साधेपणाने, आणि त्याच झटक्यात हातोडा फिरवला. खारने खांदा पुढे केला म्हणून डोकं वाचलं. गळ्याखालचं हाड मोडल्याचा कडक आवाज सगळ्यांनी ऐकला. शंभर किलोंचा गडी गुडघ्यांवर बसला. माणसाने हातोडा पुन्हा उचलला, या वेळी नेम धरून.

डॉक्टरने काठी घातली. पहिला फटका मनगटावर. हातोडा फरशीवर पडून घरंगळत गेला. माणूस "आई गं" म्हणाला, आणि आई हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा फटका गुडघ्यावर. तिसरा तोंडावर, चष्म्यासकट. माणूस खाली पडला, हात वर करून "नको, नको" म्हणू लागला. इथे थांबायला हवं होतं. डॉक्टर थांबला नाही. तो त्याच्या बरगड्या मोडत होता, आणि प्रत्येक फटक्याबरोबर त्याच्या तोंडून एकेक शब्द बाहेर पडत होता. "दोन! भिंती! सोडून! स्वयंपाकघर!" कोणाला मारतोय हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. काठी मधोमध मोडली तेव्हा हातात राहिलेल्या टोकदार तुकड्याकडे त्याने बघितलं, आणि तो उलटा धरला.

"डॉक्टर!" खारने चांगल्या हाताने त्याची कॉलर ओढली. "मरेल तो! बास! बाईला बघ आधी, बाईला!"

तुकडा गळून पडला. माणूस कुशीवर वळून कण्हत होता. त्याच्या तोंडातून लाल फेस येत होता. खारने आपलं सगळं वजन त्याच्या पायांवर टाकलं आणि वेदनेने डोळे मिटून तसाच बसून राहिला.

डॉक्टरने फुटलेल्या फळीतून हात घालून कडी काढली. आत अंधार. जुन्या पेट्या, बादल्या, झाडू, आणि सगळ्यात मागे, जिथे जिना उतरत उतरत जमिनीला टेकतो त्या कोपऱ्यात, ती. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. डोक्यामागचे केस रक्ताने चिकटलेले. एक डोळा पूर्ण बंद. डावा हात असा वळला होता की तो तिचा आहे असं वाटत नव्हतं.

उजव्या हातात केबल होती, आणि ती केबल तोंडात होती.

ती चावत होती. बाहेर एवढा राडा झाला, नवरा खाली पडला, तरी ती थांबली नव्हती. जबडा एकीकडे सरकलेला, खालच्या ओठावरून रक्त गळतंय, आणि ती दाढेत धरून केबल चावत होती, पिळत होती, ओढत होती. काळं आवरण फाटलं होतं, आतली जाळी सुटली होती, मधली तांब्याची तार वाकली होती पण तुटली नव्हती. भिंतीतल्या जोडावर रक्ताची बोटं उमटली होती. नखं तिथेच तुटली असावीत. तो जोड हाताने सुटणारा नव्हताच. पान्याने आवळा, पोरांनो, हाताने सुटता कामा नये, हे सोळा वर्षं डॉक्टरच सगळ्यांना शिकवत आला होता.

जातोय, येतोय, जातोय. खारीने कुरतडल्यासारखा. कचेरीत बसून त्याला ते दिसलं होतं, ओळखताही आलं होतं, आणि त्याने त्यातून आपल्यासाठी हाक ऐकली होती.

"बाई," तो वाकून म्हणाला, जमेल तेवढ्या मऊ आवाजात. "घाबरू नका. संपलं सगळं. मी आलोय."

तिचं अंग ताठ झालं. आवाज ओळखला तिने. नवऱ्याच्या हातोड्याला जी ओरडली नव्हती ती आता ओरडली, केबल तोंडातच ठेवून, घशातून, आणि भिंतीत शिरायची वाट असल्यासारखी कोपऱ्यात स्वतःला आणखी रेटू लागली. मग केबल तोंडातून सुटली.

"सांगू नका," ती म्हणाली. मोडलेल्या जबड्यातून शब्द कसेबसे बाहेर येत होते. "सांगू नका हो त्याला. मी कुठे आहे ते सांगू नका. मी तोडते हे. तोडते. मग नाही ना दिसणार मी तुम्हाला?"

डॉक्टरने तोंड उघडलं. तो तिला सांगू शकला असता की मला तुम्ही दिसत नव्हतात, मी नुसती बढाई मारली. नवऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आपण त्याला हरामखोर म्हणालो होतो, ती कुठे आहे ते सांगितलं नव्हतं, हेही सांगू शकला असता. पण जे काही सांगायचं ते याच आवाजात सांगावं लागलं असतं.

"खार," त्याने मागे वळून फक्त ओठ हलवले, आणि हाताने खूण केली.

खारने बसल्या जागेवरूनच तिच्याशी बोलायला सुरुवात केली. मोडलेलं हाड धरून, दम खात. "ताई, मी लाइनमन आहे. हा पडलाय, मी त्याच्यावर बसलोय, उठायचा नाही तो. शंभर किलोंचा आहे मी. तुमच्या आईला कोणाच्या तरी फोनवरून कळवू आपण." हळूहळू तिचा श्वास खाली आला. डॉक्टर दाराला पाठ लावून बाहेर उभा राहिला, तिला दिसणार नाही असा, एका पायावर, काठीशिवाय.

पोलीस आले. रुग्णवाहिका आली. दोघा जणांनी बाईला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हाही तिने केबल सोडली नाही, तेव्हा खारने खिशातली कात्री काढून दिली आणि एकाने दोन्हीकडून केबल कापली. दिवाणखान्यात मोडेमचे दिवे लाल झाले. हातातला वीतभर तुकडा तिने तसाच बरोबर नेला.

स्ट्रेचर दारापाशी अडलं होतं, तेवढ्यात एका पोलिसाने वही उघडून डॉक्टरला गाठलं.

"तुम्हीच आत गेलात ना पहिल्यांदा? एवढ्या मोठ्या घरात ही जिन्याखाली आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

स्ट्रेचरवरचा उघडा डोळा वळला.

"अहो, तुम्हाला विचारतोय. कसं कळलं?"

डॉक्टरने त्याच्या हातातून वही आणि पेन काढून घेतलं, भिंतीवर टेकवलं, आणि उभ्या उभ्या लिहायला लागला. पहिल्या ओळीत त्याने आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं, मीच सांगितलं. तिला बाहेर नेईपर्यंत तो लिहीतच राहिला.